लसवंतराव

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या फलकावर दुसऱ्या मजल्याच्या ओळीत आहे. पण ते आता फक्त पोस्टमन आणि मेंटेनन्सची पावती फाडणारे सेक्रेटरी वापरतात. बाकी आम्ही सगळे त्यांना लसवंतराव म्हणतो. पाठीमागे. तोंडावर ‘काका’. त्यांना हे नाव ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी चुकून ‘लसवंतराव’ म्हणालं, तर त्यांनी सरळ ‘ओ’ दिली.

नव्या गावाला जायचं म्हटलं की माणसं तिथं काय मिळतं ते विचारतात. लसवंतराव तिथं काय होतं ते विचारतात. आपल्याला महाबळेश्वर म्हटलं की स्ट्रॉबेरी आठवते, त्यांना पावसाळ्यातल्या जळवा. आपल्याला गोवा म्हणजे मासे, त्यांना तिथल्या सत्तरी तालुक्यातला माकडताप. कोकण म्हटलं की लाल विंचू, आणि मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन विंचूदंशाची माणसं कशी वाचवली, याची वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत समोरच्याचा चहा गार होतो, पण खरं सांगायचं तर माहिती चोख असते.

गेल्या वर्षी आम्ही सोसायटीतल्या अकरा जणांनी अंदमानला जायचं ठरवलं. टूरवाल्यांचा एक हसतमुख मुलगा माहिती द्यायला आला. सकाळी पोहे मिळतील का, चहात आलं असेल का, ज्येष्ठांना खालच्या मजल्यावरची खोली मिळेल का, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग लसवंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“तिथले डास दिवसा चावणारे की रात्री?”

मुलगा क्षणभर गोंधळला. मग पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, “सर, आपलं पॅकेज ऑल इन्क्लुझिव्ह आहे.”

लसवंतरावांनी वहीत लिहून घेतलं: दोन्ही.

या माणसाचा डावा दंड पाहण्यासारखा आहे. त्यावर नाण्याएवढे दोन गोल व्रण आहेत, देवीच्या लसीचे. जन्म १९५२ चा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. लस टोचायला येणाऱ्या माणसाला तिथं ‘देवी डॉक्टर’ म्हणत. तो वेशीवर दिसला की गावातली पोरं गुल व्हायची. लसवंतराव ज्वारीच्या कणगीत लपले होते. धान्याची धूळ नाकात गेली, शिंक आली आणि पकडले गेले. त्यानंतर, त्यांच्याच शब्दांत, “जन्मात कधी लपलो नाही.” पुढं वडिलांबरोबर आषाढीला गेले. वारकऱ्यांना तेव्हा कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, त्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत. इतरांच्या लहानपणाच्या आठवणीत वाळवंट असतं, बुक्का असतो. यांच्या मनात त्या दिवशी एक क्रम पक्का झाला: आधी सुई, मग दर्शन.

जगातून देवीचा रोग हद्दपार झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, तेव्हा ते बँकेत कारकून होते. त्यांनी पेढे वाटले. स्टाफला वाटलं मुलगा झाला. मुलगा दोन वर्षांनी झाला, आणि तेव्हाही पेढे वाटले ते बीसीजी टोचून आणल्यावर.

त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीशेजारी वाल्डेमार हाफकिनचा फोटो आहे. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे तोच. प्लेगची लस केल्यावर हाफकिननं ती आधी स्वतःला टोचून घेतली, इथं मुंबईत, भायखळ्याला, १० जानेवारी १८९७ रोजी. दर १० जानेवारीला या फोटोला हार असतो. करोनाच्या काळात साठीच्या पुढच्यांना तिसरा डोस द्यायला सुरुवात झाली ती नेमकी १० जानेवारी २०२२ ला, आणि सरकारनं त्याला नाव दिलं ‘प्रिकॉशन डोस’. तारीख हाफकिनची, नाव स्वतःचं! लसवंतराव त्या दिवशी केंद्रावर जाताना सिल्कचा झब्बा घालून गेले. बाही वर होईना, म्हणून टोचायला अर्धा झब्बा उतरवावा लागला, ती गोष्ट वेगळी.

तर अंदमान. निघायला दोन महिने असताना ते आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेले. मीही माझं बीपी दाखवायला तिथंच बसले होते, म्हणून हा संवाद प्रत्यक्ष ऐकलेला.

“पीतज्वराची लस लागेल. दहा दिवस आधी घ्यावी लागते, म्हणून वेळेत आलो.”

“काका, पीतज्वर आफ्रिकेत नि दक्षिण अमेरिकेत. अंदमान भारतात आहे. भारतात पीतज्वर नाही.”

“पण डास तोच. एडिस. तो तर आपल्याकडंही आहे.”

“डास आहे, विषाणू नाही. तो येऊ नये म्हणून तर तिकडून येणाऱ्यांकडं सर्टिफिकेट मागतात.”

लसवंतराव गप्प बसले, पण पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सरकारी केंद्रावर गेलेच. पीतज्वराची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून तिथं ठरावीक वारीच लस देतात. हे सगळं चौकशी करून, वार पाहून, केळं खाऊन गेले. खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला आणि विचारलं, “कुठला देश?” लसवंतराव म्हणाले, “आपलाच.” पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पासपोर्ट मात्र न उघडता परत आला.

मलेरियाचं दुःख तर त्याहून मोठं. मलेरियाची नवी लस, आर२१, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या लहान बाळांना देतात. लसवंतरावांना हे असह्य होतं. “आपल्या हडपसरला तयार होते,” ते म्हणायचे, “आणि मला मिळत नाही! का, तर मी पाच महिन्यांचा नाही!” रत्नागिरीचा हापूस परस्पर दुबईला जातो म्हणून माणसं हळहळतात ना, तसा चेहरा करायचे.

शेवटी डॉक्टरांनी त्यांची समजूत काढली. धनुर्वात वेळेत आहे ना, पाहिलं. टायफॉइडची लस दिली. फ्लूची दिली. बाकी अंग झाकणारे कपडे, डासांचं मलम, पाणी बंद बाटलीतलं किंवा उकळलेलं, एवढं पुरे. लसवंतराव उठेनात.

“आणि कावीळ? अ प्रकारची? तिचे दोन डोस असतात. सहा महिन्यांच्या अंतरानं. म्हणजे दुसरा डोस परत आल्यावर चार महिन्यांनी. टूर पुढं ढकलू का?”

डॉक्टर हसले. पहिल्या डोसनंच काम होतं म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “काका, लस घेण्याआधी रक्त तपासू. तुमच्या पिढीत बहुतेकांना ती लहानपणीच होऊन गेलेली असते. काकूंचंही तपासू.”

रिपोर्ट आला. दोघांच्याही रक्तात कावीळ अ विरुद्धची प्रतिकारशक्ती. ठणठणीत. लस नको.

कुणाला आनंद झाला असता. लसवंतराव दवाखान्यात उभेच राहिले. “म्हणजे मला कावीळ झाली होती?”

“झाली असणार.”

“कधी?”

“पाच-सहा वर्षांचे असाल. त्या वयात डोळेबिळे पिवळे होतच नाहीत बहुधा. दोन दिवस कणकण, जेवण नको, की संपलं.”

“माझ्या नकळत?”

हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला, त्या आवाजात माणसं फक्त पोलीस चौकीत बोलतात. सत्तर वर्षं ज्याच्यासाठी दाराला कड्या लावल्या, तो चोर आधीच येऊन, जेवूनखाऊन, झोपून गेला होता.

मला वाटलं दोन दिवसांत विसरतील. पण त्यांनी तपास हाती घेतला. निळ्या फाइलमध्ये, जिथं त्यांच्या सगळ्या लसींच्या नोंदी आहेत (तारीख, मात्रा, ठिकाण, देणाऱ्याची सही, असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेत), तिथं एक नवं पान लागलं. संशयित. १९६९, मावसभावाचं लग्न, कऱ्हाड, मठ्ठा. १९७४, गणेशोत्सवातली भेळ. १९८३, बँकेची पानशेतची सहल, विहिरीचं पाणी. जिन्यात गाठून ते मला विचारायचे, “मठ्ठ्यातून होऊ शकते, नाही का?” सगळे संशयित ते मोठे झाल्यानंतरचे. डॉक्टर तर लहानपण म्हणाले होते, हे मी एकदा बोलून गेले, तर ते न ऐकल्यासारखं करून पायऱ्या उतरून गेले.

कारण काकूंनी सांगितलं, मेथी निवडताना. “ह्यांच्या आधी एक भाऊ होता. कॉलऱ्यानं गेला. मग सासूबाई पाणी उकळायच्या, फडक्याच्या सात घड्या करून गाळायच्या. आडगावात, लाकडं फोडून. गाव हसायचं. ह्यांना कधी बाहेरचा घोट घेऊ दिला नाही. आता डॉक्टर म्हणतात पाचव्या वर्षी झाली. म्हणजे कुणाच्या हातच्या पाण्यानं झाली?”

थोडं थांबून त्या म्हणाल्या, “माझं काय, मला माहितीये कशानं झाली. कॉलेजच्या फाटकाबाहेर पाणीपुरीवाला होता. ह्यांनी लसी घेतल्या, मी ती घेतली.”

सामानाबद्दल फार लिहीत नाही. दोन बॅगा कपड्यांच्या, एक बचावाची. मच्छरदाणी, ओडोमॉसच्या सहा ट्यूबा, मीठसाखरेची पाकिटं, थर्मामीटर दोन. (एक थर्मामीटर चुकला तर कळणार कसं?) विमानतळावर तपासणीत मच्छरदाणीच्या दोऱ्यांचं कोडं पडलं, ते त्यांनी पाठीमागची रांग ताटकळत ठेवून उलगडून दाखवलं. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, उतरलो तेव्हा दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, आणि आमच्यातला एकच माणूस पूर्ण बाह्या, मोजे आणि मोज्यांत खोचलेली पँट अशा वेषात होता. टॅक्सीवाल्यानं त्यांना सरकारी सर्वेक्षणवाले समजून अदबीनं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी बोटीनं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. जेट्टीवर लसवंतरावांनी सगळ्यांना ॲव्होमिन वाटली, तीर्थ द्यावं तशी: उजवा हात पुढं, खाली डावा. कुणी नाही म्हणायची सोय नव्हती. बोट सुटली, खिडकीबाहेर निळ्याचे सात प्रकार होते म्हणतात. म्हणतात, कारण आम्ही दहाही जण झोपलो होतो. माझा नवरा तर तोंड उघडं टाकून. ओकारी एकालाही झाली नाही, हे मात्र मान्य करायला हवं. समुद्र फक्त लसवंतरावांनी पाहिला. स्वतः गोळी घेतली नव्हती. कुणीतरी जागं राहायला हवं ना, म्हणाले.

राधानगरच्या किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहण्याचा फलक होता. लसवंतरावांनी तो दोनदा वाचला आणि “यावर काही निघालेलं नाही” असं म्हणून पाण्यापासून लांब खुर्ची टाकली. काकू गुडघाभर पाण्यात गेल्या. मग कमरेएवढ्या. लसवंतराव उभे राहिले, बसले, उभे राहिले. हाक मात्र मारली नाही.

शहीद द्वीपावर आमची खोड मोडली. हाफ पँटी घालून, वाळूत लोळून आम्ही फोटो काढले. वाळूतल्या बारीक माश्या चावताना कळत नाहीत, संध्याकाळी कळतं. रात्री अकराला आमच्या खोलीपासून त्यांच्या खोलीपर्यंत रांग होती, सगळे पोटऱ्या खाजवत. मोजेवाल्या माणसाच्या अंगावर एक पुरळ नाही. ‘सांगत होतो’ हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर स्पष्ट दिसत होते. ते त्यांनी गिळले आणि कॅलामाइनची बाटली काढली. कापसाचे बोळे आधीच करून ठेवलेले होते. अकरा जणांना पुरतील इतके.

त्यांची फजितीही झाली, नाही असं नाही. रॉस आयलंडला जाताना त्यांनी बोटीतच सुरुवात केली: रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद, २० ऑगस्ट १८९७, डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू, १९०२ चं नोबेल. बेटावर पाऊल ठेवताना टोपी काढली, डोळे मिटले. शेजारून हरणं निघून गेली, पडक्या भिंतींना वडाच्या मुळांनी मिठी मारलेली. गाइड अदबीनं थांबला आणि मग म्हणाला, “सर, वो रॉस अलग. ये डॅनियल रॉस. समुंदर का सर्वे करते थे.” शिवाय २०१८ पासून बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, हेही त्यानं सांगितलं. लसवंतरावांनी टोपी घातली. बऱ्याच वेळानं पुटपुटले, “त्यांनाही चावले असतीलच की.”

पण सेल्युलर जेलमध्ये मला त्यांचं वेगळं काहीतरी दिसलं. आम्ही मराठी माणसं तिथं काय घेऊन जातो ते सर्वांना माहीत आहे. सावरकरांच्या कोठडीपाशी आवाज आपोआप खाली येतात, बायका पदर डोळ्यांना लावतात. ६९३ कोठड्या, प्रत्येकीत एक माणूस, भिंतीच्या वरच्या अंगाला एक झरोका. लसवंतराव त्या झरोक्याकडं मान वर करून कितीतरी वेळ पाहत होते.

“जाळी नाही,” ते म्हणाले. “दहा वर्षं. आणि जाळी नाही.”

कुणी हसलं नाही. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि आपणहून सांगू लागले. इंग्रजांनी पहिली वसाहत इथं १८५८ मध्ये केली असं आपण समजतो. ती दुसरी. पहिली १७८९ ची, लेफ्टनंट ब्लेअरची, त्या चॅथम बेटावर. पुढं ती उत्तरेकडं हलवली आणि १७९६ मध्ये गाशा गुंडाळून परत गेले. “कुणी हाकललं? कुणी नाही. आजारानं माणसं पटापट मरायला लागली. तोफा होत्या, जहाजं होती.” त्यांनी खिडकीतून खाडीकडं बोट दाखवलं. “इथला मलेरियाचा डास मचूळ पाण्यातही अंडी घालतो. सुंडाइकस. गोड्या पाण्याची वाट बघत बसत नाही.” आम्ही पाच दिवस त्याच खाडीचे फोटो काढत होतो. मी त्या पाण्याकडं परत एकदा पाहिलं, तर मला एकदम जहाजात सामान चढवणारी, तापानं फणफणलेली माणसं दिसायला लागली. हा माणूस सगळीकडं असाच हिंडतो. आपण देखावे बघतो, तो तिथं कोण कशानं गेलं ते बघतो आणि त्यांच्या वतीनं मोजे घालतो.

शेवटच्या संध्याकाळी कॉर्बिन्स कोव्हला शहाळी घेतली. लसवंतरावांना बाहेरचं पेय म्हणून एवढंच चालतं. निसर्गानं सील केलेलं. तरी शहाळेवाल्याचा कोयता त्यांनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं धुवायला लावला. फाइल मांडीवर होतीच. संशयितांच्या पानावर पानशेतही खोडलेलं दिसत होतं.

काकूंनी स्ट्रॉ बाजूला ठेवला. “अहो, मला आठवलं.”

“काय?”

“तुमची कावीळ. पुण्यात. तुम्ही मला बघून गेलात आणि पुढच्या रविवारी भेटायला बोलावलंत. रसवंतीत.”

“रसवंतीत? मी?”

“दोन ग्लास मागवलेत. बर्फ घालून. एप्रिल होता. तो चरकाचे घुंगरू वाजवत होता नि तुम्ही म्हणालात, आणखी बर्फ टाका. मला वाटलं, काय धाडसी माणूस आहे.”

लसवंतराव समुद्राकडं बघत राहिले. त्या वयात कावीळ झाली असती तर डोळे हळदीसारखे पिवळे झाले असते, महिनाभर अंथरुण धरलं असतं, हे मला डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळत होतं. त्यांना तर माझ्यापेक्षा शंभरपट कळत होतं. मी शहाळ्यातली मलई खरवडत बसले.

“बर्फ,” ते म्हणाले. “बर्फच असणार. तो कुठल्या पाण्याचा करतात, कुणाला ठाऊक.”

त्यांनी संशयितांचं पान फाइलमधून काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. मग लसींच्या नोंदींचं पान उघडून, पट्टी नसल्यामुळं पासपोर्टाच्या कडेनं ओळ आखली. कावीळ अ. एप्रिल १९७७. मात्रा: एक ग्लास, बर्फासह. ठिकाण: पुणे. शेवटच्या रकान्यापाशी थांबले, आणि फाइल नि पेन काकूंपुढं सरकवलं.

काकूंनी ‘देणाऱ्याची सही’च्या खाली सही केली. लग्नाआधीच्या नावानं.

“आणि हे बघा,” पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, “याचे डोस दोन असतात ना? दुसरा राहिलाय आपला.”